चार बोटं माती

सहजीवन सोसायटीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं होती. एक खंडेराव ढोमसे यांचं. निफाडकडचा हा माणूस द्राक्षबागा भावावर सोपवून नाशिकरोडला आला होता. लासलगावला त्यांची कांद्याची आडत होती आणि सोसायटीचं अध्यक्षपद तर इतक्या वर्षांपासून होतं की निवडणूक घ्यायची असते, हेच लोक विसरले होते. समोरच्या दारावर पाटी होती जयराम गांगुर्डे यांची. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेला, युनियनसाठी प्रेसच्या गेटवर धरणी धरून सभा गाजवलेला हा म्हातारा दोन वर्षांपूर्वी लकव्याने आडवा झाला होता. उजवा हात आणि पाय गेले. जीभ जड झाली, पण गप्प बसली नाही.

त्यांची सून अंजली बस स्थानकात पासच्या खिडकीवर बसायची. शाळा-कॉलेजं उघडली की त्या खिडकीपुढे जी झुंबड उडते, तिला तोंड देऊन देऊन तिच्या अंगी एक गुण आला होता. समोरचा कितीही तापला तरी ती तापत नसे. "रांगेत या," एवढंच म्हणे आणि माणूस रांगेत येई. नवऱ्याचं मात्र उलटं. चळवळीच्या ऐन भरात बापाने नाव ठेवलं संघर्ष. पण कुठे आवाज चढला की हा पायात चप्पल सरकवून दूध आणायला निघे, मग घरात दूध असो वा नसो.

नाशिकची हवा थंड, म्हणून कधीकाळी माणसं इथे घरं घेत. आता होळी सरली की वरच्या मजल्यावरचं छत दिवसभर ऊन पिऊन घेई आणि रात्रभर ते खाली ओकत राही. पंखा लावला की वारा नव्हे, वाफ यायची. एका मे महिन्यात अंजली कामावरून आली तेव्हा नाना, म्हणजे सासरे, हाकेला ओ देईनात. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, डोळे अर्धे उघडे. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "उन्हात गेले होते का?"

"उन्हात कसे जातील? अंथरुणातून उठता येत नाही त्यांना."

"मग ऊनच घरात आलंय," डॉक्टर म्हणाले.

नाना वाचले. पण ते वाक्य अंजलीच्या मनातून जाईना. तिने एसी आणला. त्या गार झोताने नानांचे सांधे आखडत, रात्रभर ते कण्हत. आणि दुपारी वीज गेली की खोली पुन्हा भट्टी. गच्चीला चुना फासून पाहिला, त्याने थोडा फरक पडला, पण धुळीने चुना महिन्याभरात मळका झाला. मूळ दुखणं छतात होतं आणि औषधही छतालाच हवं होतं.

अंजलीचं माहेर कळवणकडचं. तिचं लहानपण धाब्याच्या घरात गेलं होतं. लाकडी तुळया, त्यावर काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्यानंतर छतावर गवत उगवायचं आणि शेजारची शेळी तिथे चरायला चढायची. पुढे वडिलांनी ते पाडून स्लॅब टाकला. गावाने कौतुक केलं, पेढे वाटले गेले आणि पहिल्याच उन्हाळ्यात आईने खाट उचलून लिंबाखाली नेली. हे सगळं तिला आता आठवलं. पण आठवणीवर कुणी इमारतीच्या डोक्यावर माती टाकत नाही, एवढं तिला कळत होतं. कामावरच्या मैत्रिणीची भाची भाग्यश्री स्थापत्य अभियंता होती, तिला तिने घरी बोलावलं.

भाग्यश्रीने तुळया पाहिल्या, भिंती ठोकल्या, जुने नकाशे मागवून घेतले. मग म्हणाली, "होईल काकू. पण कोरडी माती आणि ओली माती यांच्या वजनात फार फरक असतो. चार बोटांच्या वर थर नको. मोठं झाड तर मुळीच नको, मुळं स्लॅब फोडतात. आधी गळती थांबवणारं रसायन, त्यावर मुळं अडवणारा जाड कागद, त्यावर विटांचे तुकडे, मग जाळी, मग माती. पाणी साचलं नाही पाहिजे, वाहून गेलं पाहिजे."

अंजलीने दिवाळीच्या सुमारास जिन्यात खंडेरावांना गाठलं आणि आपल्या घराच्या वरचा तेवढा भाग हिरवा करते म्हणून सांगितलं. खंडेराव फराळाच्या खुशीत होते. "करा की वहिनी! हिरवळ कुणाला नको?" म्हणाले. खाली उभ्या असलेल्या दोघातिघांनी ऐकलं.

हिवाळाभर सुट्टीच्या दिवशी ती आणि संघर्ष राबले. मातीत नारळाचा भुसा आणि खत कालवून ती हलकी केली. रोपंही तिने अशी निवडली की जी उन्हाला हसतील. पानफुटी, चिनी गुलाब, कोरफड, आणि सगळ्या फटींत घोळ. घोळ ही भाजी कुणी लावत नाही, ती आपली आपण उगवते. जाड पानांत पाणी साठवते आणि भर उन्हात टवटवीत राहते. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी, नानांच्या अंघोळीचं बिनसाबणाचं पाणी, सगळं वर जायचं. मार्चअखेर गच्चीच्या त्या अर्ध्या भागावर जाजम अंथरल्यासारखी हिरवळ पसरली. आणि खाली नानांच्या खोलीत पंख्याचा वारा पुन्हा वारा झाला.

"आता कसं वाटतंय?" अंजलीने विचारलं.

नाना जड जिभेने म्हणाले, "भाकरी... तव्यावरनं काढली."

कुरबूर सुरू झाली ती शेखरचं लग्न ठरल्यावर. शेखर खंडेरावांचा एकुलता एक. वैशाखातला मुहूर्त निघाला आणि हळद गच्चीवरच करायची असं खंडेरावांनी ठरवलं. मांडव, डीजे, निफाडची सगळी भावकी. गच्चीवर जाऊन त्यांनी हिरवळ पाहिली आणि खाली येऊन अंजलीचं दार वाजवलं.

"वहिनी, ते वरचं आठ दिवसांत काढून घ्या. मांडव घालायचाय."

"अण्णा, अर्धी गच्ची मोकळी आहे की. पलीकडून मांडव घाला."

"अर्ध्यात भावकी बसते का? आणि गच्ची सगळ्यांची असते."

"सगळ्यांची म्हणजे माझीपण. तुम्हीच तर हो म्हणालात."

"तोंडी बोलणं ते," खंडेराव म्हणाले. "तेव्हा लग्न कुठे ठरलं होतं?"

पुढच्याच रविवारी त्यांनी सभा बोलावली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. एकेक जण उठून बोलू लागला. स्लॅब कोसळेल. डास होतील. साप येतील. तिसऱ्या मजल्यावर साप कसा येईल, हे कुणी विचारलं नाही. भाग्यश्रीने लिहून दिलेलं अंजलीने वाचून दाखवलं, ते कुणी ऐकलं नाही. मग तळमजल्यावरचे एक गृहस्थ बसल्या जागेवरून, जरा हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांचं असंच असतं. आधी कोपरा धरतात, मग सगळंच आपलं म्हणतात."

संघर्ष जमिनीकडे बघायला लागला. अंजली मात्र त्या गृहस्थांकडे वळली.

"यांचं म्हणजे कुणाचं, काका?"

"अहो, मी आपलं सर्वसाधारण..."

"नाही, सर्वसाधारण नाही. नाव घेऊन बोला. गांगुर्ड्यांचं म्हणायचंय, वरच्या मजल्यावरच्यांचं म्हणायचंय, की आणखी कुणाचं? सगळ्यांना ऐकू येऊ द्या."

गृहस्थांनी मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. खंडेराव घाईघाईने म्हणाले, "हात वर करा." हात वर झाले. माती काढायची, असा ठराव मंजूर झाला. विरोधात दोनच हात होते, एक अंजलीचा आणि दुसरा, बराच वेळ घेऊन वर आलेला, संघर्षचा.

"ठराव तुमचा," अंजली उठत म्हणाली. "पण मी माती काढणार नाही. खाली माणूस झोपलंय. अण्णा, तुम्ही द्राक्षाच्या घडाला ऊन लागू नये म्हणून एकेका घडाला कागद गुंडाळता. माझ्या सासऱ्याने त्या घडाइतकंही काही मागितलेलं नाही."

तिसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप दिसलं. अंजली पाण्याची बादली घेऊन शेवटच्या पायरीवर उभी राहिली. मग खाली येऊन तिने खंडेरावांची बेल वाजवली.

"चावी शेखरकडे राहिली. तो लासलगावला गेलाय, येईल परवा-तेरवा," खंडेराव म्हणाले. तिच्या नजरेला नजर मिळवायची त्यांची हिंमत नव्हती, पण चावी द्यायची इच्छाही नव्हती.

एप्रिलचं ऊन. घोळ तग धरेल, पण पानफुटीची कोवळी रोपं दोन दिवसांत माना टाकतील, हे तिला ठाऊक होतं. घरात येऊन तिने मागची बाल्कनी न्याहाळली. बाल्कनीच्या वरच गच्चीचा कठडा होता. रंगाऱ्याकडून आणलेली लोखंडी शिडी पडून होती. तिने ती कठड्याला टेकवली.

"अंजली, नको," संघर्ष म्हणाला. "खाली तीन मजले आहेत."

"म्हणून तर शिडी घट्ट धर म्हणते. आणि दूध घरात आहे, हे आधीच सांगते."

संघर्षने पुढे होऊन दोन्ही हातांनी शिडी धरली. अंजलीने पदर खोचला आणि कमरेला पाइप बांधून ती चढली. भर सकाळी, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत. समोरच्या इमारतीतल्या बायका बाल्कनीत आल्या. खालून भाजीवाला वर बघत उभा राहिला. खंडेरावांच्या बायकोने, कुसाबाईंनी, शेजारच्या बाल्कनीतून पाहिलं आणि त्या किंचाळल्या, "अगं बया, पडशील ना! उतर खाली!"

"चावी द्या, काकू, म्हणजे जिन्याने जाईन," अंजली कठड्यावर पाय टाकत म्हणाली.

तिने सगळ्या हिरवळीला पाणी घातलं आणि तशीच उतरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका ठरलेल्या वेळी बाल्कनीत येऊन उभ्या राहू लागल्या. कुणी हसत नव्हतं. एकजण तर ओरडून म्हणाली, "पाय नीट ठेवा हो!"

त्याच आठवड्यात दुपारी डीपी उडाला आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. खंडेरावांच्या घरातले दोन्ही एसी बंद पडले. खंडेराव आडतीवर होते. कुसाबाईंनी तासभर पुठ्ठ्याने वारा घेतला, ओला टॉवेल डोक्यावर ठेवला, भिंतीला पाठ टेकवून पाहिली, तर भिंतही गरम. शेवटी त्या समोरच्या दारात आल्या. त्या दिवशी अंजलीची साप्ताहिक सुट्टी होती.

"म्हातारे कसे हेत, बघायला आले," कुसाबाई म्हणाल्या. खरं कारण दोघींनाही ठाऊक होतं. अंजलीने त्यांना नानांच्या खोलीत सतरंजी टाकून दिली. कुसाबाईंनी फरशीवर हात ठेवला, मग वर छताकडे पाहिलं, मग पुन्हा फरशीवर हात ठेवला.

"लय गार हे गं हितं."

नाना खाटेवरून म्हणाले, "बसा. तिकीट... नाही."

कुसाबाई हसल्या. पुढे नानांशी बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. वीज आली तरी त्या उठल्या नाहीत. संध्याकाळी अंजलीच्या हातचा चहा घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीचं कुलूप गायब होतं. ते कुणी काढलं, हे कुणी विचारलं नाही. कुसाबाई मात्र जिन्यावरून टोपली घेऊन उतरताना दिसल्या. टोपलीत घोळीची भाजी होती.

पण खंडेरावांचा हट्ट गेला नव्हता. उलट बायकोच फितूर झाली म्हटल्यावर तो आणखी ताठला. हळदीला चार दिवस उरले तेव्हा एका सकाळी त्यांनी दोन मजूर आणले, फावडी आणि घमेली घेऊन. मजूर पेठकडचे होते. मोठ्याचं नाव मंगळू. ते जिन्याने वर चढायला लागले तेव्हा अंजली दारातच होती.

ती धावत आत गेली. नाना जागे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मला वर न्या," ते म्हणाले.

"नाना, काहीतरीच काय! ऊन चढेल आता."

"सगळं आयुष्य... गेटवर बसलो. एकदा... गच्चीवर बसतो." त्यांनी डावा हात पुढे केला. "उचला."

अंजलीने संघर्षकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हा म्हणेल, राहू दे. पण संघर्षने लाकडी खुर्ची आणली, बापाला अलगद तीत बसवलं आणि लुंगीने कमरेला बांधलं. मग एका बाजूने तो आणि दुसऱ्या बाजूने ती, असे दोघं पायरी पायरी चढले. मजूर बाजूला सरकले. खंडेराव वाटेत उभे होते.

"संघर्ष, हे काय चालवलंय?"

"सरका, अण्णा," संघर्ष म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण पहिल्यांदाच तो खाली न बघता बोलला होता. खंडेराव सरकले.

हिरवळीच्या बरोब्बर मध्ये त्यांनी खुर्ची ठेवली. अंजलीने छत्री उघडून खुर्चीला बांधली. नानांनी अनवाणी पाय मातीत टेकवले, थोडा वेळ नुसतेच टेकवून ठेवले आणि मग मजुरांकडे पाहिलं.

"आधी मला उचला. मग... माती."

मंगळूने फावडं खाली ठेवलं. "अण्णा, आम्ही माती उचलायला आलो. माणूस नाय उचलणार."

"अरे, मजुरी देतोय ना तुला!" खंडेराव ओरडले. "नाना, उन्हात किती वेळ बसाल? काही झालं म्हणजे माझ्या माथी येईल."

"ऊन?" नाना म्हणाले. त्यांचं तोंड लकव्याने वाकडं झालं होतं, पण हसू सरळ होतं. "त्याच्याशीच... भांडण."

आवाज ऐकून एकेक बिऱ्हाड वर आलं. मोकळ्या अर्ध्या गच्चीवर जे उभे राहिले, ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागले, कारण घाईत बरेचजण चपला न घालताच आले होते. सकाळचे नऊही वाजले नव्हते आणि फरशी चटके देत होती. एका बाईने लेकराला कडेवर घेतलं आणि सरळ हिरवळीच्या काठावर जाऊन उभी राहिली. मग दुसरी. मग तळमजल्यावरचे ते गृहस्थही, कुणाकडे न बघता, सावकाश सरकत हिरवळीवर आले. अंजलीने त्यांना जागा करून दिली.

सगळ्यात शेवटी कुसाबाई आल्या. धापा टाकत त्यांनी नानांना पाहिलं, मजुरांना पाहिलं आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हळद खाली पार्किंगमध्ये होईल."

"कुसा, तू मध्ये पडू नको. ठराव झालाय."

"ठराव तुमचा. लगीन माझ्या लेकाचं हे. त्याच्या हळदीला मला म्हाताऱ्या माणसाचा तळतळाट नको. आणि तुमच्या भावकीला या फरशीवर बसवून भाजून काढायचंय का तुम्हाला? उभं राहवत नाय हितं!"

खंडेरावांनी आजूबाजूला पाहिलं. सगळी सोसायटी हिरवळीवर होती आणि चटके बसणाऱ्या बाजूला ते एकटेच. त्यांच्या पायात बूट होते म्हणून ते टिकून होते. "बघून घेईन," असं म्हणत ते खाली उतरले. मंगळूला कुसाबाईंनी मजुरी दिली आणि चहा पाजूनच पाठवलं.

हळद पार्किंगमध्ये झाली. गांगुर्ड्यांनाही बोलावणं होतं. अंजलीने शेखरच्या गालाला हळद लावली तेव्हा खंडेराव तिथेच उभे होते.

"पावसाळ्यात गळलं ना वहिनी, मग बघा," ते म्हणाले.

"गळलं तर माझ्याच डोक्यावर गळेल, अण्णा. तुम्ही काळजी करू नका."

आणि गळलंही. श्रावणात नानांच्या खाटेजवळ भिंतीला ओल आली. खंडेरावांनी ती पाहिली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विजय लपेना. रात्री अंजली त्या ओलीकडे बघत बसली. आपण चुकलो का, हा प्रश्न तिला तेव्हा पहिल्यांदा पडला. सकाळी भाग्यश्री आली. कठड्याच्या कोपऱ्यात कागदाचा जोड नीट चिकटला नव्हता, ही चूक तिने मान्य केली. पाऊस उघडल्यावर अंजलीने आणि संघर्षने तेवढा कोपरा उकरला, जोड नीट केला, रोपं परत लावली. ओल सुकली. तिथला रंग अजून डागाळलेलाच आहे. अंजलीने त्यावर नवा रंग दिला नाही.

ठराव मात्र रद्द झाला नाही. दर सभेत खंडेराव तो वाचून दाखवतात आणि दर सभेत अंजली उठून म्हणते, "काढणार नाही." लोक चहा पितात आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

गेल्या जानेवारीत एका सकाळी खंडेराव फिरून आले, तर गच्चीच्या मोकळ्या अर्ध्या भागावर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या झोपायच्या खोलीच्या बरोब्बर वर, विटांचे तुकडे पसरलेले. अंजली गुडघ्यावर बसून जाळी ताणत होती. पलीकडे कुसाबाई नऊवारी वर खोचून घमेल्यात माती कालवत होत्या.

"हे काय? कोणाला विचारून चाललंय?" खंडेराव गरजले.

कुसाबाईंनी मान वर केली नाही. मातीचा गोळा हातात फोडून त्या म्हणाल्या, "मला विचारून. आलाच आहात तर ती मातीची पाटी उचला तिकडची. आणि बूट काढून या, कागद फाटंल."